जाताना डावी खिडकी

तळवलीच्या बांधावर बाईमाणसाने चिखलाची पाटी उचलायची नाही, असा नियम कुणी केला नव्हता. तशी वेळच कधी आली नव्हती. खाडीचं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून गावाने मिळून घातलेला तो मातीचा बांध. उधाणाला त्याला भगदाड पडलं, की गावचे पुढारी धर्मराज पाटील शिंग फुंकायला लावत आणि घरटी एक पुरुष कुदळ-फावडं घेऊन धावत सुटे. भगदाडाला तिथे खांड म्हणत. खांड बुजेपर्यंत कुणी घरी परतायचं नाही. एकदा खारं पाणी आत आलं की दोन-तीन वर्षं शेतात भात धरत नाही, हे तिथल्या लहान पोरांनाही ठाऊक होतं. ज्या घरचा पुरुष बांधावर जातो ते घर गावात मोजलं जायचं. सोयरिकीच्या बोलण्यांतसुद्धा आधी विचारत, "तुमच्याकडनं बांधावर कोन जातं?"

गोजरा मढवी यांच्याकडून त्यांचे यजमान देवजी जात. १९५९ च्या भाद्रपदात खांड बुजवताना बांबूचा एक तासलेला खुंट त्यांच्या तळपायात घुसला. त्यांनी पायाला चिंधी बांधली, वर चिखल थापला आणि काम पुरं केलं. आठवड्याने त्यांना आमच्या दवाखान्यात आणलं तेव्हा जबडा आवळला होता. माझे पती डॉ. कमळाकर यांनी दोन वर्षांपूर्वीच ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला दवाखाना थाटला होता. धनुर्वाताचा त्यांचा तो पहिला रोगी. वाचला नाही.

तेव्हापासून गोजरामावशींची आणि माझी ओळख. मी मुंबईच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, भात आणि गवत यांतला फरक न कळणारी. त्यांनी मला तो फरक दाखवला, खाडीचं पाणी कधी चढतं ते चंद्रावरून ओळखायला शिकवलं. त्या मला 'बाय' म्हणत, आणि मी त्यांना मावशी. अंगाने काटक, चेहऱ्याने उग्र, बोलणं कमी. दिलेला शब्द मागे घेणं हा प्रकार त्यांच्याजवळ नव्हता. गावात म्हणत, गोजरा एकदा नाय म्हनली की देवळातला देव उठून आला तरी नाय.

त्यांचा एकुलता मुलगा नामदेव. बापामागे बांधावर तो जायला लागला, पण मन लावून कधीच नाही. बाकीचे दिवस तो खाडीत रेतीच्या मचव्यावर काम करायचा. पाणी त्याला आवडे, चिखल नाही. १९६२ च्या सुरुवातीला मचव्याच्या मालकाच्या ओळखीने त्याला कुवेतच्या बंदरात मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर काम मिळालं. जायचं विमानाने, तिकीट कामावर घेणाऱ्यांचं. तळवलीतून तोवर विमानात कुणीच बसलं नव्हतं.

त्या बातमीवरून मायलेकरांचं जे भांडण झालं ते आमच्या ओटीवर झालं, म्हणून मला ठाऊक आहे.

"ज्यानं बापाला खाल्लं त्या बांधाला मी किती वर्सं चिखल भरवू, आये?" नामदेव म्हणाला.

"बापानं ज्याच्यासाठी जीव दिला तो तू सोडून चाललास."

"जीव दिला नाय. गेला. खुंटानं गेला."

मावशी उठल्या. लुगड्याचा काष्टा आवळून त्यांनी शांतपणे सांगितलं, "बांध सोडून जानाऱ्याचं तोंड मना बगायचं नाय." आणि निघून गेल्या. त्यानंतर निघायच्या दिवसापर्यंत त्या घरात एकमेकांशी बोलणं झालं नाही. ताट वाढलं जाई, पाण्याचा तांब्या ठेवला जाई, पण मावशी मान वर करत नसत.

जाण्याआधी नामदेव दवाखान्यात टोचून घ्यायला आला होता. दंड चोळत तो मला म्हणाला, "वयनी, विमानात बसायची जागा मागून मिळते का?"

"मिळत असेल. एस्टीत मिळते तशी."

डॉक्टर सुई उकळायला टाकत होते. ते म्हणाले, "एस्टीत उन्हाची बाजू सोडून बसायचं. विमानातही तेच."

"उनाचं काय नाय, डाक्तर. गाव दिसला पायजे." तो उकिडवा बसला आणि टेबलावरची काड्यापेटी घेऊन त्याने फरशीवर विमान केलं. कापसाचं पुडकं म्हणजे सांताक्रूझचा विमानतळ, फरशीची फट म्हणजे खाडी, दाराचा उंबरा म्हणजे गावामागचा पारसिकचा डोंगर. "विमान दुपारचं हाय. दुपारी वारा दर्यावरनं येतो. वारा पाठीवर घ्यायचा म्हंजे विमानाला तोंड डोंगराकडं करायला लागनार. खाडी वलांडली की आपला गाव डाव्या हाताला. खिडकी डावी."

काड्यापेटी त्याने फटीवरून उंबऱ्यापर्यंत नेली. आम्हां दोघांनाही ते पटलं. मचव्यावर वाढलेल्या माणसाला वाऱ्याचं आपण काय सांगणार. शिवाय दुपारची काही विमानं खरोखरच खाडी ओलांडून, तळवलीच्या दक्षिणेकडून डोंगराकडे जाताना दिसत. लहानपणापासून तो बांधावर उताणा पडून ती बघत आला होता.

मी विचारलं, "आईला सांगू? त्या वेळेला बांधावर उभ्या राहतील."

"नको. तोंड बगनार नाय म्हनली ती. ती यायची नाय." काड्यापेटी त्याने जागेवर ठेवली. "घर दिसंल. तेवढं पुरं."

वैशाखातल्या एका सकाळी तो निघाला. मावशी गोठ्यात म्हशीजवळ पाठ करून बसल्या होत्या. त्याने बाहेरूनच उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि ठाण्याच्या एस्टीत बसला. मी रस्त्यावर होते. "बगा तिच्याकडं," एवढंच म्हणाला.

दुपारी मला राहवेना. मावशी एकट्या असतील म्हणून त्यांच्या घरी गेले तर दाराला कडी. घणसोलीची चंद्राबाई कोळीण मासळीची रिकामी पाटी घेऊन परतत होती, ती पाणी प्यायला समोरच्या पारावर टेकली होती.

"डाक्तरीनबाय, तुमची मावशी येडी झाली," ती म्हणाली. "नवरा गेलेली बाय, आनि लगनाचं लाल लुगडं काडून बांधावर गेलीय. मी इचारलं, कुठं गं, तर बोलली, वाळवाया. बांधावर कोनी लुगडी वाळवतं का?"

मी बांधावर पोचले तेव्हा मावशी एकट्याच उभ्या होत्या. खाडीकडून जोराचा वारा येत होता. लाल लुगड्याची दोन टोकं दोन्ही हातांत धरून त्यांनी ते अंगासमोर धरलं होतं, आणि वाऱ्याने ते त्यांना पायापासून गळ्यापर्यंत चिकटलं होतं. मला पाहून त्यांनी लपवलं नाही.

"डावीकडं बसनार ना?" त्यांनी विचारलं. म्हणजे काड्यापेटीची गोष्ट गावभर झाली होती.

"हो."

बऱ्याच वेळाने घाटकोपरच्या टेकड्यांच्या बाजूने एक विमान आलं. डोंगराकडे तोंड, आमच्या उजवीकडून डावीकडे वर चढत. मावशींनी लुगडं डोक्यावर धरलं. विमान पारसिकच्या पलीकडे दिसेनासं झालं तरी त्यांनी हात खाली घेतले नाहीत. मग लुगड्याची नीट घडी घातली.

"त्याला दिसलं असेल, मावशी."

"दिसलं असंल तर सांगंल," त्या म्हणाल्या.

त्या पावसाळ्यात खांड पडली आणि शिंग वाजलं, तेव्हा पुरुषांच्या मागोमाग गोजरामावशी फावडं घेऊन निघाल्या. धर्मराज पाटलांनी त्यांना वाटेतच थांबवलं. "वयनी, तुमी घरी ऱ्हा. तुमच्या घराला गावानं सूट दिलीय."

"सूट कोनी मागितली?"

"बाईमानूस बांधावर बरा दिसत नाय."

"बरं दिसाया आले नाय. मढव्यांच्या घरचं मानूस म्हनून आले." आणि त्या ओळीत उभ्या राहिल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "आज बांधाला बांगड्या घातल्या." मावशींनी वळूनही न बघता उत्तर दिलं, "घाला. दोन उधानं जास्ती टिकंल." लोक हसले, पण पाटी त्यांच्या हातात आली. पुढे कधीच कुणी त्यांना अडवलं नाही. त्या घराचं नाव बांधाच्या माणसांत राहिलं. त्यासाठी त्यांनी कंबर झिजवली. हिवाळ्यात त्यांना उठताना भिंत धरावी लागे.

नामदेवची पत्रं दवाखान्याच्या पत्त्यावर येत आणि मी ती वाचून दाखवी. तिकडचा उन्हाळा, टगबोट हाकणारा हैदराबादी तांडेल, खजूर, पगार. शेवटी 'आईस साष्टांग नमस्कार'. पहिलं पत्र मी वाचून संपवलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "पुढं?"

"संपलं."

"पाठीमागं काय लिवलंय का बग."

मागे काही नव्हतं. दुसऱ्या पत्रालाही त्यांनी तेच विचारलं. तिसऱ्याला विचारलं नाही.

त्या उत्तर सांगत ते शेताचं. भात बरा, म्हैस व्याली, बांध धरला. हे 'बांध धरला' मात्र प्रत्येक पत्रात असायचं. नामदेव त्यावर कधी काही लिहायचा नाही. मी एकदा म्हटलं, "मावशी, मी विचारू का त्याला, विमानातून काय दिसलं म्हणून?"

"नाय."

"नुसतं सहज विचारते."

"बाय, एक डाव लुगडं पसरलं. आता पदर पसरायचा नाय." त्यांनी पत्राची घडी माझ्या हातातून घेतली. "बगितलं त्यानं. डावीकडंच बसला असनार, तो बोलतो तसाच वागतो, माज्यावर गेलाय. बगितलं आनि गप ऱ्हायला. ऱ्हाऊ दे."

हे त्यांच्या मनात घट्ट बसलं. आपण शब्द मोडला, तोंड बघणार नाही म्हणूनही बघायला गेलो, विधवेने बाहेर काढू नये ते लुगडं काढलं, आणि ज्याच्यासाठी हे केलं त्याने ते पाहून साधा उल्लेख केला नाही. दोन वर्षांनी त्याला रजा मिळाली तेव्हा तो आला नाही. रजेचे पैसे घेतले, असं लिहिलं. मावशींनी ते ऐकून घेतलं आणि निसायला घेतलेले तांदूळ निसत राहिल्या. चंद्राबाई म्हणाली, "पोऱ्याला तिथं कोनी मडम भेटली असंल."

"भेटू दे," मावशी म्हणाल्या. "तिला चिखल तुडवता येत असंल तर पाठव म्हनावं."

हसून बोलल्या, पण त्या संध्याकाळी माझ्याकडे बसल्या असताना भिंतीकडे बघत म्हणाल्या, "एवडा राग माज्यात पन नाय, बाय."

१९६६ च्या मार्चमध्ये माझ्या दिरांच्या मुलीचं लग्न नागपूरला होतं. दिरांची परिस्थिती चांगली; डॉक्टरांना जास्त दिवस दवाखाना बंद ठेवता येत नाही म्हणून त्यांनी आम्हां दोघांना विमानाची तिकिटं पाठवली. आमचं विमान दुपारचं होतं. सांताक्रूझला काउंटरवर मी खिडकी मागितली, आणि तीही डावी.

"डावीच का?" तिथल्या तरुणाने विचारलं. "त्या बाजूला ऊन येईल कदाचित."

"येऊ दे," मी म्हटलं. डॉक्टर माझ्याकडे बघून हसले.

विमान धावलं, उचललं, आणि मी खिडकीला कपाळ टेकवून खाडीची वाट पाहू लागले. खाली माडांची रांग आली, मग वाळू, मग पाणी. खाडीचं नव्हे. समोर, खाली, सगळीकडे समुद्रच. एक गलबत दिसलं, तेही मागे पडलं. मी पदराने काच पुसून पुन्हा पाहिलं.

हवाई सुंदरी लिमलेटच्या गोळ्या घेऊन आली तेव्हा मी तिला विचारलं, "विमान समुद्राकडे का गेलं? नागपूर तर मागे आहे."

"वाऱ्याच्या तोंडावर उडावं लागतं ना," ती म्हणाली. "दुपारी वारा समुद्रावरून असतो. आता वळेल बघा."

"सगळीच विमानं वळतात?"

"पूर्वेकडे जाणारी वळतात."

"आणि कुवेतला जाणारी?"

"ती कशाला वळतील? त्यांना समुद्राकडेच जायचं असतं."

ती पुढे गेली. विमान खरंच मोठा वळसा घेऊन मागे फिरलं, आणि मुंबई ओलांडून खाडीवर आलं. मग डाव्या खिडकीत, नामदेवने काड्यापेटीने दाखवलं होतं अगदी तिथे, तळवली आली. मिठागरांचे चौकोन, भाताची वाळकी शेतं, रस्ता, आणि पाणी व शेत यांच्यामध्ये बांध. वरून तो लुगड्याच्या काठाएवढा बारीक दिसत होता. त्यावर लाल काही धरलं तर वरच्या माणसाला दिसलं असतं. पण मावशींनी लुगडं धरलं होतं ते कुठल्या तरी नागपूर-कलकत्त्याच्या उतारूंना. नामदेव तेव्हा डाव्या खिडकीत बसून पाणी बघत होता.

"दिसली का तुझी तळवली?" डॉक्टरांनी विचारलं. मी मागे सरून त्यांना खिडकीकडे जागा करून दिली.

नागपूरहून परत येतानाचं विमानही दुपारचं होतं. ते डोंगरावरून खाडीवर उतरत आलं, आणि या वेळी गाव उजव्या अंगाला होतं. मी ते लक्षात ठेवलं.

परतल्यावर मी आधी मावशींकडे गेले. त्या अंगणात उखळात भात कांडत होत्या. मी सगळं सांगितलं. मुसळ उखळात उभं राहिलं.

"वाऱ्याच्या तोंडावर?" त्या म्हणाल्या.

"हो."

"असा कुठं मचवा जातो?"

"मचवा नाही जात, मावशी. विमान जातं. उडतानाही आणि उतरतानाही. वारा पाठीवर असला तर त्याला उचलता येत नाही."

"आनि कुवेतचा परत वळत नाय."

"नाही."

त्या खाली बसल्या. भुशाचे हात त्यांनी लुगड्याला पुसले, पुन्हा पुन्हा पुसले. "म्हंजे त्याला पानीच दिसलं."

"हो, मावशी."

"आनि मी चार वर्सं त्याला..." त्या उठून गोठ्यात गेल्या, त्याच म्हशीच्या जागी. मी थोडा वेळ थांबले आणि घरी आले.

दोन दिवसांनी त्या स्वतःच दवाखान्यात आल्या. रोगी बसले होते त्यांच्यामधून सरळ आत आल्या आणि मला म्हणाल्या, "लिव."

मी लिहिलं. त्यांनी सांगितलं तेवढंच. 'तू गेलास त्या दिवशी मी बांधावर होते. माझं लग्नाचं लुगडं धरलं होतं. विमान दुसरं होतं, ते आता कळलं. बांध धरला आहे. आता कंबर धरत नाही. कधी येतोस?'

उत्तर यायला फार दिवस लागले. इतके, की त्या रोज पोस्टमनच्या सायकलीची घंटा ऐकून बाहेर येत आणि काही कामासाठी आल्यासारखं करून परत जात. मलाही भीती वाटू लागली होती. चार वर्षांनी माणूस दगड होऊ शकतो.

मग उत्तर आलं. 'मी डाव्या खिडकीत बसलो होतो. खाली दर्या होता. मी बघत राहिलो, आता वळेल, आता वळेल. मग वाटलं, आई यायची नव्हती म्हणूनच देवाने गाव दाखवला नाही. म्हणून रजेला आलो नाही. पौष लागायच्या आधी येतो. विमान सकाळी उतरेल.'

मावशींनी ते पत्र मला तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "येताना कुठली बाजू?"

"उजवी."

"लिव. उजवीकडं बस. मी बांधावर असन."

त्याच वर्षी बांधाची दशा वाईट झाली. रस्त्यापलीकडे कारखाने येऊ लागले होते, आणि तरुण पोरं पाळीवर जाऊ लागली होती. भाद्रपदाच्या उधाणाला खांड पडली, शिंग वाजलं, आणि आले ते म्हातारे. धर्मराज पाटील, आणखी तिघे-चौघे, आणि गोजरामावशी. खांड बुजली नाही. दुसऱ्या भरतीला ती बैलगाडी जाईल एवढी रुंद झाली, आणि मढव्यांच्या शेतासकट आठ-दहा शेतांत खारं पाणी उभं राहिलं. दिवाळीनंतर ते आटलं तेव्हा जमिनीवर मिठाची पांढरी साय होती. ज्या शेतासाठी नवरा गेला आणि मुलाशी बोलणं तुटलं त्या शेतात काडी उरली नव्हती. मावशी त्याबद्दल पत्रात लिहू देईनात. "आल्यावर बगंल."

तो यायचा त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. मी शाल पांघरून बांधावर गेले तर मावशी आधीच तिथे, खांडीच्या अलीकडच्या टोकाशी. लाल लुगडं काखेत. त्या खाडीकडे नाही, डोंगराकडे तोंड करून उभ्या होत्या, आणि त्यांच्या कपाळावरचे केस मागे उडत होते.

"मावशी, अजून वेळ आहे."

"बाय, मतलई हाय," त्या म्हणाल्या.

मतलई म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा. हिवाळ्यात तो पहाटे सुटतो आणि ऊन चढलं की पडतो. पण त्या दिवशी ऊन अंगावर आलं तरी तो हटत नव्हता.

मला समजायला क्षणभर वेळ लागला. मी दोन्ही वेळा दुपारीच उडाले होते, हिवाळ्यातली सकाळ माझ्या ध्यानातच आली नव्हती. मावशींच्या मात्र आली होती. मी जे एकदाच सांगितलं होतं ते त्यांनी वाऱ्याला लावून पाहिलं होतं.

"उतरतानाही वाऱ्याच्या तोंडावर, असं तूच बोललीस ना?"

"हो."

"मग आज विमान दर्याकडनं येनार. इकडं येनारच नाय."

तेवढ्यात घाटकोपरच्या बाजूने एक विमान उठलं आणि खाडीवरून आमच्या दिशेने आलं, इतकं खालून की खिडक्यांची रांग दिसली. ते मुंबईहून जाणारं होतं. त्याच्या मागून आणखी एक आलं. तेही जाणारंच. येणारं एकही नाही.

मावशींनी मान वर करून दोन्ही बघितली. "आज जायचा असता तर दिसले असते," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी आजचा वारा पायजे व्हता."

मी त्यांचा हात धरला. "चला मावशी, घरी चला. थंडी बाधेल. तो आता घरीच येणार आहे."

"येनार तो. पन मी बांधावर असन असं लिवलंय ना?"

"त्याला दिसणार नाही आहात तुम्ही."

"दिसाया नाय. लिवलंय म्हनून." त्यांनी खाडीकडे वळून लुगडं उलगडलं. या वेळी वारा पाठीमागून होता, त्यामुळे ते त्यांच्या हातांतून पुढे, खाडीवर फडफडत राहिलं. मी शाल त्यांच्या खांद्यांवर टाकली आणि शेजारी उभी राहिले. त्यांच्या मागे मिठाने पांढरं झालेलं शेत होतं. ऊन बरंच चढलं, वारा पडला, मगच त्यांनी घडी घातली.

कस्टम उरकून नामदेव दिवेलागणीला आला. अंगाने भरला होता, कानशिलांवर केस पांढरे झाले होते. येता येता त्याने शेत पाहिलं असणार, कारण रस्ता तिथूनच येतो. उंबऱ्याबाहेर तो थबकला. मावशींनी दारात येऊन पाण्याचा तांब्या पुढे केला आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

मला आणि डॉक्टरांना त्यांनी जेवायलाच बोलावलं होतं. मावशी तांदळाच्या भाकऱ्या करत होत्या, आम्ही तिघे पाटावर. शेताचं कुणी काढलं नाही. कुवेतच्या थंडीचं, सामानाच्या पेटीचं, सांताक्रूझच्या गर्दीचं बोलणं झालं. मग चुलीकडे तोंड ठेवूनच मावशींनी विचारलं, "उजवीकडं बसलास का?"

नामदेवचा घास हातात राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. तो आज समुद्रावरून उतरला होता; उजव्या खिडकीत, डाव्या खिडकीत, त्याला पाणी आणि मुंबईची घरं यांशिवाय काही दिसणं शक्य नव्हतं. हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. मावशींना ठाऊक आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

"बसलो की," तो म्हणाला.

"मग?"

"दिसलीस. बांधावर व्हतीस. लाल लुगडं." घास त्याने खाली ठेवला. "लांबनं वळखलं."

भाकरी तव्यावर फुगली होती. मावशींनी ती उलटली नाही. करपल्याचा वास आला तेव्हा डॉक्टर काही बोलणार होते, मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हात का नाय हलवलास?" मावशींनी विचारलं.

"हलवला. तुला दिसला नसंल."

मावशींनी तवा उतरवला. करपलेली भाकरी स्वतःसाठी बाजूला ठेवली, टोपलीतली चांगली काढून त्याच्या ताटात टाकली.

"नसंल," त्या म्हणाल्या. "विमान लांब व्हतं."